पाठीवरचं नाव

परदेशात पाठीवर सॅक टाकून हिंडायचं, ही कल्पना लेकीची. पेंटरला ती पहिल्याच मुक्कामाला नकोशी झाली. पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यामुळे घरचे-बाहेरचे सगळे त्याला पेंटरच म्हणत, आणि पेंटरचं नाक फार तिखट होतं. इथे तर एका खोलीत दहा खाटा, आठ अनोळखी माणसं आणि सोळा ओले मोजे. न्हाणीघराच्या जाळीत कुणाकुणाच्या केसांचा गुंता अडकलेला. पेंटर श्वास रोखून आत जायचा आणि तसाच बाहेर यायचा. मधल्या वेळात अंघोळ कितपत व्हायची, ते त्यालाच ठाऊक.

बाहेरही तीच तऱ्हा. मगरींच्या तळ्यावर सडक्या मांसाचा असा भपकारा आला, की सकाळचा पाव घशाशी आला. लेक मात्र कठड्याला रेलून केळं खात होती. ती जनावरांची डॉक्टर, तिला जखमेतल्या अळ्यांचंही काही वाटत नसे. ‘पोरीला नाक बापाचं आलं, पण मुरडायची खोड नाही आली, नशीब माझं,’ असं तिची आई म्हणायची.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं ‘जेवलात का?’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. म्हणूनच लेकीचा फोन आला, “बाबा, दहा दिवस माझ्याबरोबर फिरायला चला,” तेव्हा कुठे जायचं हे न विचारताच त्याने हो म्हणून टाकलं. त्याला एकच हवं होतं. परतताना लेकीने म्हणावं, पुढच्या वर्षीही जाऊ. पण नऊ दिवस त्याने ज्याला-त्याला नावं ठेवली होती आणि ती हळूहळू गप्प होत चालली होती, हे त्याला दिसत होतं.

“हे शेवटचं देऊळ,” दहाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली. “इथे तरी नाक मुरडू नका, बाबा. माझ्यासाठी.”

“नाही मुरडत,” पेंटर म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

देऊळ कित्येक शतकांचं जुनं. खांबांवर हत्ती, हंस, वेली कोरलेल्या, आणि त्या सगळ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खिळ्याने ओरबाडलेली स्वतःची नावं. एका हत्तीच्या तर डोळ्यातच कुणीतरी बदाम काढून ठेवला होता.

“शी!” लेक म्हणाली. “दिसली जागा की खरडलं नाव. किळस येते मला अशा माणसांची.”

“मलासुद्धा,” पेंटर उत्साहाने म्हणाला. पहिल्यांदाच दोघांना एकाच गोष्टीची किळस आली होती. “ना रेघ सरळ, ना अक्षराला वळण. लिहायचंच होतं तर धड तरी लिहायचं!”

लेकीने त्याच्याकडे पाहिलं, सॅकचा पट्टा सारखा केला आणि पुढे चालू लागली.

वरच्या गाभाऱ्याला तीनशे पायऱ्या होत्या. पेंटरचा गुडघा बोलू लागला. “तुम्ही इथे तळ्याशी बसा,” ती म्हणाली. “वर वटवाघळांची वसाहत आहे म्हणतात, तेवढी बघून तासाभरात येते.”

तळं कसलं, शेवाळाचा हिरवा रगडा. त्यावर पावाचे फुगलेले तुकडे तरंगत होते. मधल्या दगडांवर कासवं ऊन खात पडली होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर रंगात काहीतरी लिहिलेलं. काठावर छत्रीखाली एक माणूस बसला होता. प्रवाशाने नाव सांगायचं, त्याने बादलीतलं एक कासव उचलायचं, पाठीवर नाव काढायचं. फोटो झाला की कासव तळ्यात.

पेंटरला ओकारीच यायची बाकी राहिली. काय तो रंग, काय तो हात! ओल्याच पाठीवर ब्रश फिरवायचा, ओघळ पोटापर्यंत. लिपी परकी होती, पण अक्षराचा तोल गेला की तो कुठल्याही लिपीत कळतो. दोन कासवं त्याने दात-ओठ खात सोसली. तिसऱ्याला तो उठला.

लेकीने ‘ओझं कमी करा’ म्हणून दहादा बजावूनही सॅकच्या तळाशी त्याने स्वतःचा ब्रश आणला होता, फडक्यात गुंडाळून. तो दाखवताच छत्रीवाल्याने हसून जागा दिली.

मग पेंटरने काम कसं करतात ते दाखवलं. आधी कासव कोरडं पुसलं. मग विटेच्या तुकड्याने पाठ खसाखसा घासली, कारण घासल्याशिवाय रंग धरत नाही. कासवाने मान-पाय आत ओढून घेतले. बरं झालं, हलत नाही, असं त्याला वाटलं. वर पांढऱ्या झटपट रंगाचा पातळ हात, उन्हात धरून वाळवणं आणि मग अक्षरं. बघे जमले, टाळ्या पडल्या. एकामागून एक पाच झाली. दहा दिवसांत पहिल्यांदाच पेंटरला कशाचीही घाण वाटली नाही.

सहावं त्याने स्वतः निवडलं. बादलीतलं सगळ्यात लहान, तळहाताएवढं. त्यावर त्याने आपल्या लिपीत लेकीचं नाव काढलं, तिच्या आईने ठेवलेलं. शिरोरेषा दोरी लावल्यासारखी सरळ, अक्षरांना पिवळी सावली. आता हसेल, तो मनाशी म्हणाला, आता नक्की हसेल.

लेक पायऱ्या उतरून आली. त्याने दोन्ही हातांनी कासव तिच्यापुढे धरलं.

तिने नाव वाचलं. “हे कुणी केलं?”

“मीच! त्या माणसाला येतंय कुठे काय?”

तिने कडेला बोट फिरवलं. “घासलंत?”

“अगं, त्याशिवाय रंग—”

“त्याला कळतं ते, बाबा. पाठीवर नुसतं बोट फिरवलं तरी कळतं. ही पाटी नाहीये. केवढंसं आहे ते, अजून वाढायचंय. पाठ त्याच्याबरोबरच वाढत असते.”

पेंटरने खाली पाहिलं. कवचाच्या फटीतून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. रंगाच्या कडेला, वीट लागली होती तिथे, रक्ताची बारीकशी रेघ उमटली होती. त्याला किळस आली. ना शेवाळाची, ना वासाची, स्वतःच्या बोटांची. तो खाली बसला आणि नखाने रंग खरवडू लागला. रंगाचा टवकाही निघेना. गिऱ्हाइकाला तो छाती ठोकून सांगायचा, दहा वर्षं हलायचा नाही, आणि खरंच कधी हललाही नव्हता. छत्रीवाल्याने टर्पेंटाइनचं फडकं पुढे केलं. लेकीने ते ढकललं. “नको! अंगात भिनेल त्याच्या.”

“मग काय करू? सांग ना.”

“आता काय सांगू?”

फोटोवरून काहीतरी बिनसलं असावं, असं छत्रीवाल्याला वाटलं. त्याने हसतहसत पेंटरच्या हातातून कासव काढून घेतलं आणि सवयीने तळ्यात सोडून दिलं. लेक काठापर्यंत धावली. पाणी क्षणभर हिरवं उसळलं आणि मिटलं.

थोड्या वेळाने मधल्या दगडावर ते कासव चढलं आणि पाय पसरून ऊन खाऊ लागलं. आपली पाटी रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येते, असा पेंटरचा दावा असे. एवढ्या लांबून नाव स्पष्ट वाचता येत होतं.

“चला,” लेक म्हणाली. “बसची वेळ झाली.”

फाटकाशी उंच उंबरा होता. गुडघ्यासाठी आधार म्हणून त्याने नेहमीसारखा तिच्या कोपराला हात लावला. तिने कोपर काढून घेतलं. मग वळून त्याच्या हाताकडे, नखांत अडकलेल्या पांढऱ्या रंगाकडे तिने पाहिलं आणि नाक मुरडलं, हुबेहूब त्याच्यासारखं.