न आलेल्या ईदेचा अंदाज

चंद्र दिसला नाही, आणि जलीलाचा अंदाज तोंडघशी पडला.

ट्यूनिसच्या वीजकेंद्रात उद्या किती वीज लागेल हे आदल्या दुपारीच कळवावं लागतं. मुफ्ती मात्र चंद्राचं सांगणार सूर्य बुडाल्यावर. जलीलाने ईद धरली. ईदेला कारखाने बंद, दुकानं बंद, म्हणून दोन जनित्रं दुरुस्तीला उघडायला तिनेच होकार दिला. ईद काही आली नाही. उजाडला तो आणखी एक रोजा, वाळवंटी वाऱ्याची भट्टी घेऊनच. घरोघरी एसी लागले, आणि संध्याकाळ जवळ आली तशा सगळ्या शहराच्या शेगड्या पेटल्या.

पडद्यावरची मागणीची रेघ चढत होती. 

"काय जलीला, उगवली का तुझी ईद?" केंद्राचे प्रमुख म्हणाले. सगळे त्यांना आदराने सी तौहामी, म्हणजे तौहामीसाहेब म्हणत. चेष्टाच होती, पण त्यांचीही नजर रेघेवरून हलत नव्हती. "अजानपर्यंत तग धरला तर सुटलो. लोक जेवायला बसले की मागणी उतरते. नाहीतर एकेका वस्तीची वीज तोडावी लागेल. पहिली पाळी कुणाची?"

"हलफावीनची."

तिथे तिची आई एकटी राहत होती, नाकाला प्राणवायूच्या यंत्राची नळी लावून. यंत्र विजेवरचं. जोडीचं सिलिंडर रिकामं पडलं होतं, कारण ते भरून आणायचं कामही जलीलाने ईदेवर ढकललं होतं. दुसऱ्या वस्तीची तोडा, असं ओठांवर आलं. पण तिथेही कुणाची तरी आई असणारच. तिने यादी होती तशीच ठेवली.

"मग रेडिओवर तूच बोल," सी तौहामी म्हणाले. "माझं तर घरातही कुणी ऐकत नाही."

ती बोलली. "घरच्यांनो, अजान होईपर्यंत जे जे बंद करता येईल ते करा. तुमची बहीण समजून ऐका."

रेघ मंदावली. मर्यादेच्या बोटभर खाली अडकून थरथरत राहिली. जलीलाला तिकडे बघवेना. आणि अजानबरोबर रोजा सोडायची तोफ झाली. रेघ घसरली.

"घे, रोजा सोड," सी तौहामींनी खजूर पुढे केला. "वाचलो, बाई!"

तिने खजूर घेतला नाही, घरी फोन लावला. किती तरी वेळ घंटा वाजत राहिली.

"उम्मी?"

"ऐकलं गं... रेडिओवर." आईचा एकेक शब्द धापा टाकत येत होता. "शेजारणीला म्हटलं... माझी लेक..."

"एवढी धाप का लागलीय? वीज गेली का?"

"आहे की. तूच म्हणालीस ना... बंद करा. मी यंत्र... बंद केलं."

"लाव आधी! उम्मी, आत्ताच्या आत्ता लाव!"

रिसीव्हर कशावर तरी आपटला. पाय घासत गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिच्या मागे केंद्रातले सगळे हसत-बोलत शोरबा वाढून घेत होते, आणि जलीला भीतीने गारठून फोन कानात रुतवून उभी होती.

बऱ्याच वेळाने यंत्राची घरघर सुरू झाली. त्यामागून आईचा खोकला. जलीला भिंतीला टेकून हमसाहमशी रडू लागली.

"अगं, रेघ पुन्हा चढायला लागली बघ," सी तौहामी म्हणाले.

"चढू दे," ती म्हणाली.