मधल्या सुट्टीतली भाषा

मुलांचं दुःख मोजायला कुणी आलं की माझं डोकं फिरतं. सोलापुरातल्या आमच्या शाळेत सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, कुणाच्या मराठी. विद्यापीठातून वैजयंतीबाई प्रश्नावली घेऊन आल्या तेव्हा मनात म्हटलं, आणखी एक आली उंटावरून शेळ्या हाकायला.

कुणी मारतं का, चिडवतं का, वगळतं का? सगळ्या वर्गानं लिहिलं, कधीच नाही. मुख्याध्यापक खूश झाले. बाई मात्र गेल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मुलींच्या घोळक्याशेजारी आपला डबा उघडून बसू लागल्या. मी लांबून बघत होतो, त्या ऐकत होत्या.

सोनम मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, इथं आत्याकडे राहते. घोळक्यात तिला जागा होती, तिची शेंगाचटणीही सगळ्याजणी खायच्या. पण तिनं तोंड उघडलं की भाग्यलक्ष्मी तेलुगूत बोलायला लागायची आणि तिच्या मैत्रिणीही. शिवी नाही, धक्का नाही. सोनमनं वडिलांना निरोप धाडला होता, शनिवारी मला न्यायला या.

मग तू 'कधीच नाही' का लिहिलंस, असं बाईंनी तिला एकटीला गाठून विचारलं.

"खरं लिवलं असतं तर बसू बी दिलं नसतं की," ती म्हणाली.

बाईंनी सरळ प्रश्नच बदलला. तुझ्यासमोर तुला न कळणाऱ्या भाषेत बोलतात का? नाव लिहायचं नाही, घरची भाषा तेवढी लिहायची. मग वर्गात उभं राहून निकाल सांगितला. जवळजवळ सगळ्यांनी 'रोज' लिहिलं होतं, तेलुगूवाल्यांनीसुद्धा. कुणाला बोल लावला नाही, उपदेशाचा एक शब्द नाही. मी त्या बाईंना मनोमन हात जोडले.

शनिवारी सोनमचे वडील, आप्पा, फाटकाशी आले. ती येत नाही म्हणाली. परवापर्यंत रडत होतीस ना, असं त्यांनी विचारलं.

"भाग्यलक्ष्मी माझ्या भाकरीला नावं ठेवती," सोनम हसत म्हणाली.

आप्पांचा पारा चढला. "मग चल की घरी."

"न्हाय आप्पा. आता मला कळंल असं ठेवती."