पाड्याचा एकुलता एक गॉगल

मी गॉगल बोलतोय, उधव्याजवळच्या पाड्यावरचा. तुमच्याकडे घरटी चार असतील, पण आमच्या पाड्यावर मी एकटाच. त्यामुळे माझा थाट काही विचारू नका.

विवळवेढ्याच्या जत्रेत मी एका दोरीवर लटकत होतो. उमेशने मला नाकावर चढवलं, आरशात पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाला. घरी आल्यावर मात्र मी त्याच्या वाट्याला फारसा आलोच नाही. आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे उमेशची मोटरसायकल, उमेशचा जांभळा शर्ट आणि मी, एवढं लागतंच. काहीजण मला आधार कार्डाच्या फोटोलाही घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी मला उतरवायला लावलं, तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

अशातच आमच्या पाड्यावरचा लाहू झाडावरून पडला. नरपडच्या वाडीत चिकू उतरवताना फांदी मोडली आणि त्याचा खुबा निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलला तर तो चालू लागेल, नाहीतर कायमचा खाटेवर. सरकारी योजनेतून थोडा खर्च निघत होता, पण बाकीचे पैसे लाहू आणि त्याची बायको धाकली यांना जन्मभर राबूनही जमले नसते. तेव्हा हॉस्पिटलातल्या योगिताताईंनी मार्ग काढला. मोबाइलवर आवाहन टाकू, अनोळखी माणसंही मदत करतात, फक्त लाहूचा एक फोटो पाठवा, असं त्या म्हणाल्या.

फोटो म्हटल्यावर सगळा पाडा कामाला लागला. लाहूच्या केसांना तेल चोपडलं, जांभळा शर्ट चढवला. खाट अंगणात आणली, पण खाट वाईट दिसते म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बुधीबाईने तिच्यावर लग्नातली चादर टाकली. शेजारी मोटरसायकल उभी केली आणि लाहूचा हात तिच्या हँडलवर ठेवला. शेवटी मी विराजमान झालो. आजारी माणूस इतका देखणा मी कधी पाहिला नव्हता.

तो फोटो पाहून योगिताताई दुसऱ्या दिवशी स्वतःच पाड्यावर आल्या. त्यांना साधा, उदास फोटो हवा होता. त्यांनी मला काढून ठेवलं आणि लाहूला तोंड पाडायला सांगितलं. लाहूने तोंड पाडलं, तर समोरची पोरं खिदळली आणि तोही हसला. बुधीबाई कांदा घेऊन आली. त्या कांद्याने लाहू सोडून सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

शेवटी लाहू म्हणाला, "ताई, कोनाच्या दारात मागाया जायाचा, त नीट होऊन जावा. माझा हाड मोडलाय, तोंड नाय."

 योगिताताईंनी मला पुन्हा लाहूच्या नाकावर बसवलं आणि पहिलाच फोटो टाकला.

मग व्हायचं तेच झालं. मोटरसायकलवाला गरीब कसा, असं लोकांनी विचारलं. हा तर नवरदेव दिसतोय, असंही कुणी लिहिलं. एकाने तर थेट तक्रार केली आणि आवाहन बंद पडलं. ही श्रीमंती लाहूची नाही याचा पुरावा द्या, असा आवाहन चालवणाऱ्या कंपनीचा निरोप आला. मी खुंटीवर लटकलेला, माझ्या काचा लाजेने काळवंडल्या. त्या आधीच काळ्या असल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही. पण माझ्यामुळे एका माणसाचं चालणं जाणार, हे माझ्या जिवाला फार लागलं.

पुरावा सुचला तो धाकलीला. ती घरोघर गेली आणि भिंतींवरचे फोटो उतरवून घेऊन आली. अंगणात सगळे मांडले. हडकुळा नवरदेव, ढेरपोट्या नवरदेव, दोघांच्याही अंगात तोच जांभळा शर्ट. बुधीबाई मोटरसायकलवर, तोंडात एकही दात नाही. तान्ह्या नवशीच्या बारशाच्या फोटोत तर पोरगी कुठे दिसतच नव्हती, नुसता मीच. एकात माझ्यासकट उमेशचा बोकड होता. योगिताताई हसून हसून खालीच बसल्या. त्यांनी सगळ्या फोटोंचे फोटो काढून पाठवले.

आवाहन पुन्हा सुरू झालं. सोबत टाकलेले ते फोटो पाहून लोक पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांनी मदतही केली. लाहूचं ऑपरेशन झालं. तेवढा वेळ धाकलीने मला मुठीत इतकं घट्ट धरलं की माझी एक काडी कायमची वाकडी झाली.

काही दिवसांनी लाहू वॉकर धरून वॉर्डात चालला. डगमगत, पण स्वतःच्या पायांवर. धाकली भिंतीला टेकून बघत होती. तिने मला पदरातून काढलं आणि डोळ्यांवर चढवलं. नर्स हसून म्हणाली, "मावशी, इथे कुठे ऊन आहे?"

धाकली मान वर करून ऐटीत उभी राहिली. आतून मी चिंब भिजत होतो.

हल्ली मी तारेने बांधलेला आहे, तरी लग्नसराईत मला उसंत नसते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. मदत मागणारा कुणी गॉगल घालून दिसला, तर खुशाल हसा. पण त्या काचांमागे काय चाललंय, ते आधी मला विचारा.