शिवणकाम करणाऱ्या बाईंचं पत्र

सात वर्षं ते पत्र व्याख्यात्यांच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. सभागृहाच्या पायऱ्या चढताना त्यांना ते पाठ म्हणून दाखवता आलं असतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं : ज्याला कळलं तो शोक करत नाही, असं तुम्ही म्हणालात. माझा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली, मी अजून रडते. मला काय कळलं नाही, तेवढं सांगा.

उत्तरं त्यांनी बरीच लिहिली. प्रत्येकात दोन-तीन वचनं होती आणि प्रत्येक फाडलं. बायको म्हणायची, माझ्या वडिलांना होकार कळवायलाही तुम्हाला चार महिने लागले होते. ही बाई तर परकी.

बाईंनी जिथे ते व्याख्यान ऐकलं होतं, त्या परदेशातल्या अध्यात्म मंडळाने यंदा पुन्हा बोलावलं. गाव तेच, आणि आग्रह त्याच व्याख्यानाचा. मंडळाची शिस्त कडक होती. व्याख्यान संपलं की घंटी वाजायची, मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि एक शब्द न बोलता घरी जायचं. प्रश्नांची सोयच नव्हती. भिडस्त व्याख्यात्यांना ही शिस्त फार मानवायची. त्या बाईंना पत्र लिहावं लागलं ते त्यामुळेच.

दाराशी त्यांनी चिटणीसांकडे बाईंची चौकशी केली. चिटणीस निवृत्त स्टेशनमास्तर, घड्याळाकडे बघत बोलणारे.

“त्या? तुमच्या त्या व्याख्यानानंतर पुन्हा आल्याच नाहीत. राहतात तिथेच. का हो?”

“काही नाही,” व्याख्याते म्हणाले आणि आत गेले.

दुपारी सगळ्या खुर्च्या भरल्या. नवव्या पानावर ते वाक्य आलं. कागदाशिवाय ते जन्मात कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. त्यांनी कागद उपडा ठेवला.

“पुढचं वाक्य मी सात वर्षांपूर्वी इथेच वाचलं होतं. कळलेला माणूस शोक करत नाही, असं. ते खोटं आहे. माझी आई गेली तेव्हा मी न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून रडलो. बायकोलाही कळू दिलं नाही.”

“कळलं होतं मला,” पहिल्या रांगेतून बायको म्हणाली.

कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. चिटणीसांनी सवयीने घंटीला हात घातला आणि तो तसाच राहिला. माझा धाकटा भाऊ जाऊन एकोणीस वर्षं झाली, ते उभ्या उभ्याच म्हणाले, आणि कधी कुणापाशी बोललो नाही. मग कुणी कुणाला आवरेना. खुर्च्या वळल्या, माणसं एकमेकांकडे तोंड करून बसली. सभागृह बंद करायची वेळ टळून गेली, तरी चिटणीसांनी घड्याळ पाहिलं नाही. व्याख्याते मधोमध बसून नुसते ऐकत होते. आपलं एक तरी व्याख्यान साधलं, असं त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा व्हायच्या आत पत्र लिहिलं. त्यात एकही वचन नव्हतं. तुम्हाला सगळं कळलं होतं, मलाच कळलं नव्हतं. काल सभेत मी तसं सांगितलं. उत्तराला सात वर्षं लावली, माफ करा.

बायकोने ते वाचलं आणि स्वतःच पाकीट चिकटवून टाकलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तिने हात पुढे केला. “द्या, मी टाकते. तुमचा भरवसा नाही.”

“नको,” ते म्हणाले.

पाकीट पेटीच्या तोंडाशी जरा अडकलं. त्यांनी ते बोटाने आत ढकललं.