पलीकडून येणारं माप

दोन ऑफिसांमधला तो बोगदा कुणी खणलेला नव्हता. इंटरनेटच्या गर्दीतून जाताना माहिती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ती आणखी एका पाकिटात घालून पाठवायची, एवढंच. पण त्या पाकिटामुळे जागा कमी पडायची, आणि मग छोटे निरोप सुखरूप पोचायचे नि मोठ्या फाइली मधेच अडकून बसायच्या. कुठल्या मापाला अडतंय हे शोधायला अलीकडच्या ऑफिसातून ती आणि पलीकडून तिकडचे एक इंजिनियर, फोन कानाला लावून, लहानापासून मोठी अशी पाकिटं सोडत बसायचे. अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. ती त्यांना 'पलीकडचे' म्हणायची, ते तिला 'अलीकडच्या बाई'.

माप वाढवताना ती शंभराशंभरानं चढायची, ते सातासातानं.

"मुंगीच्या पावलानं कधी पोचणार तुम्ही?" ती चिडवायची.

"पोचेन हो. घाई कुणाला आहे?"

खरं सांगायचं तर दिवसभरात तिच्याशी असं चार शब्द बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. घराला कुलूप, आणि भावाचा फोन वाढदिवसापुरता. त्यामुळे बोगद्यात बिघाड झाला की तिला मनातून बरंच वाटायचं.

पलीकडचे एका सकाळी बसल्या जागी गेले. महिन्याभरात तिकडचं ऑफिसही बंद झालं. "तो बोगदा आज बंद करून टाका," साहेब म्हणाले, आणि ती मान डोलावून जागेवर आली.

आज्ञा टाइप करून झाली होती, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. सवयीनं तिनं एकदा नोंदी उघडल्या. पलीकडून कुणीतरी पाकिटं सोडत होतं. तेराशे सात. तेराशे चौदा. तेराशे एकवीस.

तिनं साहेबांना फोन लावला.

"तिकडे काही चालू राहिलंय का?"

"काय चालू राहणार? सामान उचललं, वीज तोडली. का हो?"

"काही नाही," ती म्हणाली.

पडद्यावर आकडे चढत होते. तेराशे अठ्ठ्याण्णव आलं. चौदाशे पाच मोठं म्हणून नाकारलं गेलं. पुन्हा चौदाशे पाच. पुन्हा. उगाच कुणी माप घेत नाही, काहीतरी मोठं पाठवायचं असलं की घेतात, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. काय पाठवायचं असेल, या धास्तीनं तिचं बोट बटणाकडे गेलं. पण बटण दाबलं की उद्यापासून या खोलीत कुणीच नसणार होतं, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली.

तिनं टाइप केलेलं पुसलं आणि बोगद्याची मर्यादा वाढवली.

क्षणभर काहीच नाही. मग चौदाशे पाच आलं. चौदाशे बारा आलं.

"बघा आता, येतं का," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, आणि समोरच्या खुर्चीवरच्या फाइली उचलून तिनं जमिनीवर ठेवल्या.