आईची केबिन बॅग

माझा भाऊ वसंत टोरोंटोला असतो. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले, तेव्हा त्याने आधी आईचं तिकीट काढलं आणि मग फोन करून आम्हाला कळवलं. सहा महिने. बाळंतपण, बाळ, तिकडची थंडी, सगळं आईने निस्तरायचं. बाबांना नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या छातीत गिरणीचा कापूस अजून बसलेला आहे. काळाचौकीतल्या आमच्या चाळीचा दुसरा मजला चढतानाही ते दोनदा थांबतात. त्यांना सांभाळायला ललिता आहेच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ललिता म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही, पण ती तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की करायलाही कंटाळा येतो.

बाबांना आई जायला नको होती. हे त्यांनी तोंडाने एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं. त्याऐवजी ते बॅगेच्या मागे लागले.

वसंतचं म्हणणं असं, की आईने फक्त एक केबिन बॅग आणावी. मध्ये विमान बदलायचं, तिला इंग्रजी येत नाही, पट्ट्यावरून गरगरत येणाऱ्या शंभर बॅगांतून आपली ओळखून उचलणं तिला जमायचं नाही. कपडे तिकडे घेऊ. एक कडक कवचाची, चाकांची बॅग घ्या, सात किलोंच्या आत भरा आणि हातातून सोडू नका म्हणावं.

"सहा महिन्यांसाठी जाणारं माणूस एवढ्याशा बॅगेत काय नेणार?" बाबांनी विचारलं.

"त्याला विचारा," मी म्हटलं.

"त्याला काय कळतंय?"

मग रविवारी आम्ही तिघं लालबागला रामजीभाईंच्या बॅगांच्या दुकानात गेलो.

बाबांबरोबर दुकानात जाणं ही एक शिक्षा आहे. ते गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ वीण दिसली की निळ्या खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. ब्याऐंशीला संप झाला, पुढे गिरणी काही महिने उघडली ती बाबांना बाहेर ठेवून, आणि मग कायमचीच बंद झाली. दोष काढायचा हात मात्र चालूच राहिला. आमटीत, शेजाऱ्यांच्या रंगकामात, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या उच्चारांत. मला बघायला आलेल्या दोन स्थळांतही त्यांनी असेच बारीक दोष काढले. तिसरं स्थळ आलं नाही.

रामजीभाईंनी निळी बॅग काढली. चार चाकं, वरती सरकणारा दांडा, तीन आकड्यांचं कुलूप. झाकणावर त्यांनी अंगठा दाबला, तिथे खळगा पडला आणि हात काढताच टप्पकन वर आला.

"नरम आहे," बाबा म्हणाले.

"काका, नरमच पायजे. एकदम कडक असते ना, ती विमानात आपटली की तडकते. ही दबते आनि परत उभी राहते."

रामजीभाईंचं बरोबर होतं, पण बाबांना बरोबर-चूक ऐकायचं नव्हतं. त्यांनी दांडा पूर्ण वर काढला आणि हलवून पाहिला. चेनीचे दात नखाने चाचपले. आतलं अस्तर ओढून पाहिलं, चाकांच्या वाट्या आतली किती जागा खातात ते बोटांनी मोजलं. मग बॅग उभी करून हात सोडला. दुकानाच्या फरशीला थोडा उतार असावा. बॅग आपली आपण दाराकडे निघाली, चांगली ऐटीत, आणि आई हसली. खळखळून हसली. मी तिला तसं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

बाबांनी ती बॅग नापास केली. "हात सोडला की पळते," म्हणाले.

दुसरी बॅग दोन चाकांची, जाड कवचाची, काळी. ती घरी आणली. ह्या बॅगा मधोमध उघडतात, पुस्तकासारख्या, आणि दोन्ही अर्धे जमिनीवर पसरतात. आमच्या खोलीत ती उघडली की कॉटपासून ओट्यापर्यंत सगळी जमीन संपायची. आठवडाभर आम्ही ती ओलांडून जेवलो, ओलांडून झोपलो. बाबांनी ती खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर आधी रिकामी आणि मग रद्दी भरून तोलली. रिकामीच तीन किलोंच्या वर भरते, म्हणजे सामानाला उरलं काय? बॉलपेनचं टोक चेनीत खुपसून चेन फाकते का ते पाहिलं. फाकली. जिन्यावरून खडखडत खाली नेली, वर आणली, आणि वर आल्यावर स्वतः पाऊण तास खोकत बसले. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. त्या बॅगेवर सोमवारपर्यंत बाबांच्या खडूच्या एवढ्या निळ्या खुणा झाल्या की परत करायला नेली तेव्हा रामजीभाईंनी आधी ओलं फडकं मागवलं.

पुसता पुसता ते म्हणाले, "काका, राग नका मानू. तुमाला बॅग पायजे की नको, ते पयले ठरवा."

मला वाटलं, आता बाबा भडकणार. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "दुसरी दाखवा."

तिसरी मरून रंगाची होती. हलकी, चार चाकांची, पहिलीसारखीच दबून वर येणारी. दांडा हलत नव्हता. चेनीला दुहेरी दात होते, पेन आत जाईना. कुलूप शब्दाला जागत होतं. बाबांनी ती दोन दिवस तपासली. तिच्यावर एकही खूण पडली नाही. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले, तर बाबा कॉटवर बसलेले, बॅग पुढ्यात, खडू हातात.

"आता काय?"

"लहान आहे."

"बाबा, तेच माप आहे. ह्याहून मोठी आत घेत नाहीत."

"मग मोठी घ्या आणि पट्ट्यावर टाका. वसंता तिथे उभा राहील." खडू त्यांनी बोटांत फिरवला. "लहान बोचकं घेऊन गेलेली बाई परत येत नाही. मला माहीत आहे."

मलाही माहीत होतं. संप सुरू झाला तेव्हा पंधरा दिवसांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. तेवढे दिवस घरात खाणारी तोंडं कमी असावीत म्हणून बायकामुलांना कोकणात गावी धाडलं. बाबांनी आईला सांगितलं, पंधरा दिवसांपुरतंच घे, ओझं कशाला? एक बोचकं, त्यात आईची दोन पातळं, माझे दोन फ्रॉक, वसंतची लंगोटी-झबली. मी नऊ वर्षांची होते. परत आले तेव्हा सोळा वर्षांची होते. चाळीतल्या कितीतरी बायका त्या साली अशाच गेल्या आणि काही आल्याच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे गावी निघालेल्या बाईला 'एवढंच सामान?' असं कुणी विचारत नाही. अशुभ मानतात. आणि बाबा तर मनापासून मानत होते, की त्या वेळी आईबरोबर भरगच्च ट्रंक दिली असती तर ती लवकर आली असती. तीस वर्षं त्यांनी तो दोष त्या बोचक्यावर ठेवला होता.

आई मोरीत बांगडे साफ करत होती. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. एरवी ती चाळीतल्या सगळ्यांसारखं बोलते. आतून हलली की गावाची भाषा येते.

"बोचक्याचो काय दोष नाय," ती म्हणाली. "पंधरा दिसांसाठी म्हणान धाडलात माका. सात वर्सां तुमच्या भावाच्या शेतात राबलंय, भावजयीची बोलणी खाल्लंय. एकदा तरी न्हेवक इलात?"

"तुळसा, गिरणी बंद होती. काय तोंड घेऊन येणार होतो?"

"तोंडच घेवन येवचा होता. माका आनी काय होया होता?"

आई थांबली नाही. आवाज मात्र वाढला नाही तिचा, भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलत होती.

"शेवटी माझी मी इलंय, दोन पोरांक घेवन. येवन बघतंय तर माझी ट्रंक नाय, आवशीन दिलेली भांडी नाय, लग्नातलो शालू नाय. सगळा विकलात. विकलात तर विकलात, सगळ्यांनीच विकला. पण आता ह्या घरात माझा असा काय आसा, मोठी बॅग भरूक?"

आणि ती परत मोरीत जाऊन बसली. बांगडे धुवायचे राहिले होते.

ट्रंकेची ती रिकामी जागा मला आठवते. आम्ही गावाहून आलो त्या दिवशी आईने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि स्टोव्ह पेटवला. इतक्या वर्षांत त्यावर एक शब्द नाही. मला वाटायचं, विसरली. आम्ही सगळेच किती सोयीने असं समजत होतो. त्या संध्याकाळी मला दोघांचाही राग आला. आईचा जास्त आला, कारण तिचं बरोबर होतं आणि ती जाणार होती.

बाबांनी खडू खिडकीत ठेवला. "चालेल ही बॅग," म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी आईला गॅलरीत गाठलं. "सहा महिन्यांनी येशील ना?"

"वसंता म्हणता, थयले कागद करूया. मी थयच रवतलंय."

"तिथेच राहणार, हे बाबांना सांगितलंस?"

"तेंका कळलाहा."

"आणि मी?"

"तू ये मागसून," ती म्हणाली. लग्नाचं आमंत्रण देताना 'सगळे या हं' म्हणतात, तितपत. मला तिथेच ओरडून रडावंसं वाटलं. पण गॅलरीत इतर बिऱ्हाडं होती, आणि आत बाबा खोकत होते, म्हणून मी पाणी द्यायला गेले.

जायच्या दिवशी दुपारी आईने बॅग भरायला घेतली. चार साड्या, त्यांची पोलकी, एक शाल, गोळ्यांची पिशवी, तिच्या आईचा डाग पडलेला फोटो. तेवढ्यात संपलं. एका अर्ध्यात सगळं नीट बसलं आणि दुसरा अर्धा उघडाच पडला होता, आतले इलॅस्टिकचे पट्टे सैल, अस्तर अगदी कोरं. टॅक्सी खाली यायची होती. मी पासपोर्ट पुन्हा पुन्हा पाहत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

बाबा कॉटवरून उठले आणि फळीवरून त्यांचं जुनं धोतर काढून घेऊन आले. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आमच्याकडे बाळाला नवं कापड आधी लावत नाहीत. घरातल्या सगळ्यात वडील माणसाचं वापरलेलं कापड फाडून त्याची दुपटी करतात, बाळ पहिल्यांदा त्यात गुंडाळतात. त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. माझ्या वेळी आजोबांचं धोतर होतं, वसंतच्या वेळीही. बाबांनी सकाळीच ते उजेडाशी धरून इंचन् इंच तपासलं असणार. विरलेला भाग कापून काढला होता, आणि उरलेलं ताग्याच्या घडीसारखं चौकोनी घातलं होतं.

"बाळाला पहिलं हे लावा," ते म्हणाले.

आई बॅगेपाशी बसली होती. तिने धोतराकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"जागा नाय," ती म्हणाली.

तो रिकामा अर्धा आमच्या तिघांच्या मध्ये उघडा पडलेला होता. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता मान वळवेल, हातात घेईल, काहीतरी करेल. ती साडीची एक घडी पुन्हा सारखी करत राहिली. तिच्या जागी मी असते तर घेतलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी बॅगेत खालपासून वरपर्यंत नजर फिरवली, टेबलावरून कापड सरकताना फिरवत असतील तशी.

"होय," ते म्हणाले. "भरलीच आहे."

धोतर त्यांनी कॉटवर ठेवलं. मग गुडघ्यांवर बसून तो रिकामा अर्धा उचलून झाकला, आणि कोपऱ्याकोपऱ्याला थांबत चेन लावून दिली.