टाक्यापुरते मिटलेले डोळे

"एकच तर टाका मारायचाय!" असं म्हणत वेल्डरने हातातली काळी काच बाकावर ठेवली, डोळे गच्च मिटले आणि दोन पत्रे जागच्या जागी चिकटवले. दिवसाला असे दोनशे टाके. दर वेळी काच उचला, धरा, पुन्हा ठेवा, कुणी सांगितलाय उपद्व्याप! मिटलेल्या पापण्यांतूनही तो उजेड आत शिरतो, हे त्याला माहीत नव्हतं असं समजू नका. पक्कं माहीत होतं. संताप येतो तो याचाच!

संध्याकाळी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं. बायको ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायची आणि हा शपथा घ्यायचा, "उद्यापासून काचेशिवाय हात लावणार नाही." तिने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की ती आता 'बरं'सुद्धा म्हणत नसे.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय, तो जाणार नाही. उजवा तरी सांभाळा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वारी शहाण्यासारखी वागली. तीन वाजता साहेब ओरडले, "मालाची गाडी दारात उभी आहे, आवरा!" घाई साहेबांची, डोळे याचे, तरी काच पुन्हा बाकावर!

त्याची थोरली बहीण त्याच कारखान्यात सामानाची खोली सांभाळायची. ती तरातरा आली आणि तिने मशीनच बंद केलं.

"डोळे फुकट आलेत का रे तुला?"

"घाईत होतो गं, ताई. उद्यापासून नक्की..."

"उद्या कोण येणार आहे कामाला? तूच ना? उद्याही तीन वाजतील, उद्याही गाडी उभी असेल!"

"आता मनावर घेतलंय मी."

"तुझ्या मनाचं कौतुक मला नको सांगूस! डोळे चुरचुरतात तेव्हा तू शहाणा असतोस, गडबडीत सगळं विसरतोस. मग शहाणा असतोस तेव्हाच त्या गडबड्याचा बंदोबस्त कर ना!"

"मी काय लहान पोर आहे?"

"उजवा डोळा झाक. झाक म्हणते ना! आता बघ माझ्याकडे."

त्याने झाकला. ताईचे केस दिसले, खांदे दिसले. मध्ये नुसता करडा डाग.

"ताई... तुझं तोंडच नाहीये गं!"

ताई रागाने थरथरत होती आणि रडतही होती. मग त्याने स्वतःच हातात धरायची काच तिच्या कपाटात टाकली, डोक्यावर बांधायची घेतली आणि पत्रे धरणाऱ्या फिटरला बजावलं, "बटण तुझ्या ताब्यात. काच डोळ्यांवर नसली तर मशीन बंद. मी पाया पडलो तरी!"

दुसऱ्याच दिवशी तीन वाजता त्याने काच वर सरकवली. फिटरने बटण दाबून मशीन बंद केलं. वेल्डरने त्याला शेलक्या शिव्या हासडल्या, आणि काच खाली ओढली.

लोकहो, आपणही रोज उद्याच्या भरवशावर आजचा दिवस बिघडवतो आणि वर निश्चयाच्या गप्पा मारतो. पुरे झालं! डोकं ठिकाणावर असेल त्याच क्षणी स्वतःचे हात बांधून घ्या, आणि गाठ अशा माणसाच्या हाती द्या, जो तुमच्या शिव्या खाईल, पण ती सोडणार नाही.